बिनविरोध तालुका फेरी

मी मुळात भांडखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. नागापूरच्या एमआयडीसीत सात वर्षं मी एका कारखान्यात तपासणी विभागात होते. लोकांनी घाम गाळून बनवलेल्या वस्तूंमध्ये चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा, असं ते काम. तिथून मी ई-स्पोर्ट्स लीगमध्ये आले. इथेही तेच करते, फक्त नट-बोल्टऐवजी संघ तपासते.

मोबाईलवरचे गेम म्हणजे माळावर बसून अंगठे झिजवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमची नियमावली बघावी. चौऱ्याहत्तर पानं आहेत. आधी तालुका फेरी, तिथून एक संघ जिल्ह्याला, जिल्ह्यातून विभागाला, मग राज्याची फेरी पुण्यात, मग देशाची, आणि देशात पहिला आला तर परदेशात, जिथे खेळाडूंना इस्त्रीच्या जर्सी मिळतात आणि समालोचक घसा बसेपर्यंत ओरडतात. संघात पाच खेळाडू, हवा असला तर एक राखीव. नावं एकदा बंद झाली की बदलत नाहीत. सामन्याच्या दिवशी ठरल्या वेळेत हजेरी लागली नाही तर समोरचा न खेळता पुढे. हे सगळं जागेवर पाळलं जातंय की नाही हे बघणारी व्यक्ती म्हणजे स्पर्धा अधिकारी. ती मी, अश्विनी.

सप्टेंबरात माझ्याकडे जामखेड तालुक्याची फेरी आली. आठ संघ होते, सगळे बोरखडी आणि तिच्या आजूबाजूच्या वाड्यांमधले. जागा बोरखडीचं मंगल कार्यालय. ते कारभारी अण्णांचं. अण्णा म्हणजे गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन, वय बाहत्तर, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. फोनवर त्यांनी हॉल फुकट दिला, जनरेटर फुकट दिला आणि एकच प्रश्न विचारला, की आठातले किती जिंकणार. मी म्हटलं, एक. त्यांनी तो आकडा माझ्याकडून तीनदा वदवून घेतला. मला वाटलं रेंज गेली.

रविवारी सकाळी पावणेदहाला मी टेम्पोतून राउटर, केबली आणि खुर्च्यांवर चिकटवायचे नंबर घेऊन पोचले, तर दारात हलगी वाजत होती. गुलालाची पोती उघडली होती. मागच्या बाजूला चुलाणावर शिऱ्याची कढई चढली होती. मला वाटलं, कुणाचं तरी लग्न आहे आणि तारखेचा घोळ झालाय. माझा पारा तिथेच चढायला लागला. तेवढ्यात अण्णा पुढे आले, माझ्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमाला तरास न्हाई. काम झालंय. फेरी बिनविरोध केली."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी एक फाईल उघडली. त्यात सात संघांचे माघारीचे अर्ज होते. प्रत्येकावर कप्तानाची सही, दोन साक्षीदार, आणि खाली सोसायटीचा जुना शिक्का. मजकूर सगळ्यांचा एकच, की आम्ही खाली सह्या करणार स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, गावाच्या एकोप्यासाठी माघार घेत आहोत. सात संघ म्हणजे पस्तीस पोरं. ती पस्तीसच्या पस्तीस भिंतीला टेकून उभी होती आणि त्यांचे चेहरे जेवणाच्या पंगतीतून उठवल्यासारखे दिसत होते.

बोरखडीत गेल्या तीस वर्षांत एकही निवडणूक झालेली नाही, हे मला तिथे कळलं. ग्रामपंचायत बिनविरोध, सोसायटी बिनविरोध, शाळेची समिती बिनविरोध. अण्णा अर्ज भरायच्या दिवशी सगळ्यांना बसवतात, प्रत्येकाला काही ना काही देतात आणि उठवतात. आठ संघ आणि एक विजेता हे ऐकून माणूस दोन रात्री झोपला नव्हता. सात वाड्या नाराज होणार, म्हणजे काय. मग त्यांनी आठवडाभर वाडीवस्त्या पालथ्या घातल्या आणि आठव्या, नावापुरत्याच नोंदलेल्या संघाच्या नावावर, कुणालाही न दुखावता, एक सर्वसमावेशक पॅनेल उभं केलं. हे सगळं नावं बंद व्हायच्या आदल्या दिवशी पुरं केलं होतं. त्या बाबतीत माणूस चोख.

ते पॅनेल मी वाचलं आणि खाली बसले. कप्तान कल्याण, अण्णांचा पुतण्या, वय सत्तेचाळीस, खताचं दुकान. दुसरा भिमाजी, वरच्या वाडीचा, वय पन्नास, कल्याणचा जुना प्रतिस्पर्धी. कप्तानपदावरून दोघांचं अडलं तेव्हा अण्णांनी तोडगा काढला होता: पहिली दहा मिनिटं कल्याण, नंतरची दहा भिमाजी. त्यानंतर दोन वाड्यांचे दोन तरुण, ज्यांना निदान मोबाईल कुठल्या बाजूने धरतात ते माहीत होतं. आणि पाचवी जागा महिला राखीव. तिथे बायडाबाई, वय त्रेसष्ट. नियमावलीत खालची वयोमर्यादा सोळा आहे. वरची नाही, कारण ती लिहिताना कुणाच्या मनात बायडाबाई आल्या नव्हत्या.

आता खरं सांगायचं तर यात नियमबाह्य असं काहीच नव्हतं. सात संघांनी माघार घेतली, राहिलेला न खेळता पुढे जातो. पान एकोणचाळीस. मी निकाल चढवला असता, शिरा खाल्ला असता आणि दुपारी नगरला घरी असते. डोक्यात तेच चाललं होतं. एवढ्यात खांबाआडून एक मुलगी आली आणि हळूच म्हणाली, ताई, मग माझ्या नावावर सामना पडणार का न्हाई.

ही धनश्री. वय एकोणीस, खालच्या वाडीची. सरावाच्या ऑनलाइन सामन्यांच्या यादीत मी तिचं नाव आधी पाहिलेलं होतं. जिल्ह्यात पहिल्या दहात. तिचं म्हणणं पुढे कळायला एक नियम सांगावा लागेल. लीग संघांसोबत सुटे खेळाडूही हेरते. डिसेंबरात पुण्यात निवड चाचणी होते, तिथून व्यावसायिक संघ पगारावर खेळाडू घेतात. चाचणीला बोलवायची अट एकच, तालुका फेरीत नावावर निदान एक अधिकृत सामना हवा. जिंकला का हरला ते बघत नाहीत, कसा खेळला ते बघतात. धनश्रीचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि यंदा तिलाही नेणार होते. वडिलांनी कबूल केलं होतं, पुण्याचं पत्र आलं तर तिला मावशीकडे ठेवू. पत्र नाही आलं तर कोयता. उसाच्या फडात रेंज नसते, आणि असती तरी हात कुठे मोकळे असतात.

मी विचारलं, तू कुठल्या संघात. ती म्हणाली, कुठल्याच न्हाई. तिचा चुलतभाऊ भागवत तिच्या संघाचा कप्तान. अण्णांनी त्याला सांगितलं, पोरीला आपण पॅनेलवर स्वीकृत सदस्य म्हणून घेतो, तिचं नाव तुझ्याकडनं काढ. त्याने काढलं. आणि मग पॅनेलची सहावी, राखीव खेळाडूची जागा ऐनवेळी तिसऱ्याच वाडीच्या एका जावयाला द्यावी लागली. स्वीकृत सदस्य हा प्रकार आमच्या चौऱ्याहत्तर पानांत कुठेही नाही. पोरगी अधांतरी लटकली होती आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. अण्णा तर तिला म्हणाले होते, पुढच्या वर्षी तुझा विचार करू.

मला राग आला. नेहमी येतो तसा नाही, चांगला खोलवरून आला. सात वर्षं कारखान्यात मलाही दर मार्चमध्ये पुढच्या वर्षी विचार करू असंच सांगत होते. मी नियमावली उघडली आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून वाचायला लागले. पान त्रेचाळीसवर सापडलं. माघारीमुळे जागा रिकाम्या झाल्या असतील तर हजेरी बंद होईपर्यंत नवा संघ घेता येतो, मात्र त्यातला कुणीही दुसऱ्या संघात नोंदवलेला नसावा. हजेरी अकराला बंद होणार होती. घड्याळात दहा वीस झाले होते.

पस्तीस पोरं बाद, कारण ती माघार घेतलेल्या संघांत नोंदलेली. धनश्री एकटीच मोकळी, ती अण्णांच्याच कृपेने. आता आणखी चार माणसं हवी होती, सोळा वर्षांवरची, आधार कार्डासह, आणि अण्णांच्या विरोधात नाव द्यायला तयार. पहिल्या दोन अटी सोप्या होत्या. धनश्री हॉलभर फिरून आली. तीस वर्षांत ज्या गावात कुणी विरोधात अर्ज भरला नाही, तिथे चाळीस मिनिटांत कोण भरणार. हलगीवाल्याने तर हलगीमागे तोंड लपवलं.

मग ती मागच्या दाराने चुलाणाकडे गेली. मी खिडकीतून बघत होते. तिथे आचारीण चांगुणा आणि तिच्या तीन जोडीदारणी रवा भाजत होत्या. धनश्री काहीतरी बोलली. चांगुणेने उलथनं कढईवर आडवं ठेवलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, बसून करायचंय का उभ्यानं. बसून, असं कळल्यावर चौघी तयार झाल्या. सकाळी सहापासून त्या उभ्या होत्या. आधार कार्डं चौघींच्याही पिशवीत होती. सारखी कुठे ना कुठे केवायसी करावी लागते, त्यामुळे ती आताशा पिशवीतून निघतच नाहीत. मोबाईल भिंतीला टेकलेल्या पोरांनी दिले, आणि तेही न मागता, धक्काबुक्की करत. दहा अठ्ठावन्नला मी संघ नोंदवला. नावाच्या रकान्यात धनश्रीने लिहिलं, अपक्ष.

अण्णांना कळलं तसे ते हातातली फाईल मिटून आमच्याकडे आले. ओरडतील अशी माझी खात्री होती आणि मी उत्तरं तयार ठेवली होती. पण ते धनश्रीशेजारच्या खुर्चीत बसले आणि तिला अगदी मऊ आवाजात समजावू लागले. नव्वद साली बोरखडीत एक निवडणूक झाली होती. तीन मतांनी निकाल लागला. त्यानंतर अकरा वर्षं अर्धं गाव उरलेल्या अर्ध्या गावाच्या लग्नाला गेलं नाही. सख्ख्या बहिणीच्या मुलीच्या हळदीला अण्णा स्वतः गेले नव्हते, आणि ती बहीण नंतर वारलीच. हे सांगताना ते खिशातली दोन्ही पेनं काढून पुन्हा जागेवर लावत राहिले. माझा राग जरा पातळ झाला, नाही म्हणत नाही. मंगल कार्यालय काढल्यावर त्यांना एकोप्याची गरज अधिकच वाटू लागली असेल, तो भाग वेगळा.

"पोरी, तुला काय पायजे ते सांग," ते म्हणाले. "मी देतो. मागून घ्यावं, झगडून कशाला घ्यायचं?"

धनश्री खाली बघत म्हणाली, की सामना पायजे, आणि तो तुमाला देता येत न्हाई अण्णा, तो खेळावाच लागतो. अण्णा उठले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

सामना असा असतो. पाच विरुद्ध पाच, पडद्यावर एक ओसाड गाव, हातात बंदुका. प्रत्येकाला एकच जीव. ज्या संघाचं शेवटपर्यंत कुणी उरलं तो जिंकला. वेळ वीस मिनिटं. मोठ्या पडद्यावर सगळं प्रेक्षकांना दिसतं, खेळाडू मात्र पडद्याकडे पाठ करून बसतात. मी शिट्टी वाजवली.

चांगुणेचा संघ साडेतीन मिनिटं टिकला. एकजण पाणी किती खोल आहे ते बघायला विहिरीत उतरली. दुसरीला गोळी लागली तेव्हा तिने मोबाईल टेबलावर उपडा ठेवला आणि दंड चोळला. तिसरी उभ्या जागी गोल फिरत राहिली, म्हणून तिला मारायला पॅनेलच्या तरुणांनाही जरा लाज वाटली, पण मारलं. खुद्द चांगुणेने उभ्या असलेल्या एका जीपवर मन लावून गोळ्या झाडल्या आणि जीप फुटली तेव्हा ती शेजारीच होती. चौघी उठल्या, मला रीतसर नमस्कार केला आणि शिरा करपेल म्हणून चुलाणाकडे धावल्या. धनश्री एकटी उरली, समोर पाच.

त्यानंतर जे झालं ते मी नोकरीत कधी बघितलं नव्हतं. ती पोरगी त्या ओसाड गावात अशी फिरत होती की जणू तिचीच वाडी आहे. भिंतीच्या कोपऱ्यावर थांबायची, पाऊल ऐकायची, आणि मग एकच गोळी. पाचव्या मिनिटाला पहिला तरुण पडला, सातव्याला दुसरा. भिंतीला टेकलेली पस्तीस पोरं भिंत सोडून पुढे आली. हलगीवाल्याला राहवेना. प्रत्येक नेमाला त्याने एक ठोका द्यायला सुरुवात केली आणि अण्णांनी वळून बघितलं तरी थांबला नाही.

दहाव्या मिनिटाला भिमाजीने कल्याणला सांगितलं, की तुझी मुदत संपली, कप्तानपद सोड. कल्याण म्हणाला, आत्ता कसं सोडू, मोक्याची वेळ आहे. भिमाजी म्हणाला, ठरलं होतं, अण्णांसमोर ठरलं होतं. कल्याण म्हणाला, पहिलं दीड मिनिट नेटवर्क लोड होण्यात गेलं, ते धरायचं नाही. पडद्यावर दोघे एका कडब्याच्या गंजीआड शेजारी शेजारी बसलेले दिसत होते. साडेअकराव्या मिनिटाला भिमाजीने कल्याणच्या पायाशी हातबॉम्ब टाकला. आपल्याच माणसाला इजा होते हा नियम आमच्या लीगमध्ये आहे, आणि टाकणाऱ्याने लांब पळायचं असतं हे भिमाजीला माहीत नव्हतं. दोघेही एकदम गेले. हॉलमध्ये जो हशा पिकला त्याने जनरेटरचा आवाज बुडाला. कल्याण उठून माझ्याकडे लेखी तक्रार करायला आला. मी त्याला कोरा कागद दिला.

उरल्या बायडाबाई. त्यांचं काय चाललंय ते बघायलाच सगळे विसरले होते. सामना सुरू झाला तेव्हा त्या पडद्यावरच्या एका घरात होत्या. उन्हात बाहेर कशाला जायचं, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं आणि साडेअकरा मिनिटं आत बसून होत्या. बंदूक दाराकडे, तीही योगायोगाने. अंगठा बटणावर, कारण अंगठा कुठेतरी ठेवावा लागतो.

धनश्री एकेक घर तपासत आली. तिने ते दार उघडलं. बायडाबाई दचकल्या. दचकल्यावर माणसाचा अंगठा दाबला जातो.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत निकाल आला. बायडाबाईंना आपण काय केलं ते कळायला चारजणांनी चारदा सांगावं लागलं. कळलं तेव्हा त्यांनी मोबाईल लांब सरकवला, उठून धनश्रीकडे गेल्या आणि तिच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाल्या, माफ कर गं माझे बाय, मी मुद्दाम न्हाई केलं. त्यांना रडूच फुटलं. कुणी जिंकल्याबद्दल माफी मागताना मी पहिल्यांदाच बघत होते. ती पस्तीस पोरं सुन्न झाली होती, आणि खरं सांगते, मीही. मी नियमाने तटस्थ असायला हवं, पण नियम लिहिणारे त्या हॉलमध्ये नव्हते.

अण्णा उभे राहिले. त्यांनी हात वर केला, सगळे गप्प झाले. ते म्हणाले, पोरगी चार जनांना भारी पडली, म्हातारीचा अंगठा चुकून लागला, हे सगळ्यांनी बघितलंय. आपण निकाल बरोबरीत धरू. दोन्ही बाजूंचा मान राहील, कुणाला वाईट वाटायला नको. त्यांनी फाईल उघडून कोरा कागदही काढला. कल्याणने मान हलवली, भिमाजीने हलवली, पोरांनी तर जोरात हलवली. बायडाबाई डोळे पुसत व्हय व्हय म्हणाल्या. तीस वर्षांची सवय एका क्षणात पुन्हा जागेवर आली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बरोबरी आमच्या नियमात बसत नाही हे सांगायला मी तोंड उघडलं, पण धनश्री आधी बोलली.

"नको अण्णा," ती म्हणाली. "मी हारले. तसंच लिवा."

अण्णांनी तिला पुन्हा समजावलं, की अगं, तुझ्याच भल्यासाठी म्हणतोय, कागदावर हार कशाला. ती म्हणाली, की आजवर माझ्या नावावर दुसऱ्यांनी ठरवलेलंच लागलं, हे तेवढं मी केलंय, ते जसं झालं तसं राहू द्या. हे तिने मोठ्याने म्हटलं नाही. पण हलगीवाल्यापर्यंत ऐकू गेलं.

मी निकाल चढवला. विजयी पॅनेल, पराभूत अपक्ष, आणि पराभूत संघातल्या एका नावापुढे दोन नेम, एकशे चौऱ्याण्णव पावलं काढलेला एक माग, आणि अचूकतेचा आकडा जो या जिल्ह्यातून अजून कुणी दिला नव्हता. पाठवायचं बटण मी दाबलं तेव्हा धनश्री माझ्या खांद्यामागे उभी होती. ती पडद्यावरचं स्वतःचं नाव बोटाने एकदा शिवून बघत होती.

अण्णा बराच वेळ घुटमळत होते. शेवटी तिच्यासमोर येऊन त्यांनी विचारलं, आणि विचारताना ते खरोखरच घाबरलेले दिसत होते, "पोरी, वाईट न्हाई ना वाटलं?"

"वाटतंय की अण्णा. लई वाईट वाटतंय," धनश्री म्हणाली, आणि तिला हसू आवरत नव्हतं.